एका घरातले दोन खडे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांचं वय ४७. सात वर्षांत तीनदा मुतखडा झाला. दोनदा दुर्बिणीने काढला, एकदा आपोआप पडला. गेल्या वर्षी यजमानांनाही झाला. ते ५२ वर्षांचे, नऊ वर्षांपासून शुगर आहे, पायाचा अंगठा मधूनमधून लाल होऊन सुजतो. त्यांचा खडा एक्स-रेत दिसलाच नव्हता, सीटी स्कॅनमध्ये सापडला. तो पडल्यावर त्यांनी काडेपेटीत कापसावर ठेवलाय आणि आल्यागेल्याला दाखवतात. सासूबाईंचं म्हणणं, "नवरा-बायको दोघांनाही खडा, म्हणजे बोअरच्या पाण्याचाच दोष." म्हणून १८ हजारांचं पाणी शुद्ध करायचं मशीन घ्यायचं घरात ठरलंय.

दरम्यान ताईंच्या रक्तातलं कॅल्शियम १०.९ आलं. डॉक्टरांनी पीटीएच नावाची रक्ततपासणी आणि चोवीस तासांची लघवी जमा करून करायची तपासणी लिहून दिली. "खडा तर निघाला, आता मानेतल्या ग्रंथीची तपासणी कशाला? बिल वाढवायला?" असं त्यांना वाटतं. कॅल्शियम जास्त आलं म्हणून दूध, दही, ताक, टोमॅटो सगळं बंद केलंय आणि रोज सकाळी हुलग्याचं माडगं पितात. तीन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून मनगट मोडलं, तेव्हापासून हाडांसाठी डी व्हिटॅमिनची मोठी गोळी दर आठवड्याला घेतात. सतरा वर्षांच्या मुलाचंही दूध बंद करावं का, असं विचारलंय. शेवटी लिहिलंय: "दोन्ही खर्च एकदम झेपणार नाहीत. मशीन घ्यावं की तपासण्या कराव्यात?"

ताई, तपासण्या करा. आधी तपासण्या, मशीनचं नंतर बघू. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, कारण त्यात तुम्ही सहज लिहून गेलेल्या चार-पाच गोष्टी एका ओळीत मांडल्या की एक वेगळंच चित्र दिसतं. ते चित्र खरं की खोटं, हे त्या पीटीएचनेच कळणार आहे. तिथवर जाण्याआधी सासूबाईंच्या पाण्याचा विचार करू. त्यांचा तर्क वेडावाकडा नाही. एका घरात दोघांना एकच दुखणं झालं तर माणूस घरातली सामाईक गोष्टच शोधणार. माझ्याकडे येणारं प्रत्येक दुसरं घर हेच म्हणतं.

बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, हिटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, माठाच्या बुडाशी थर बसतो. रोज डोळ्यांसमोर ते दिसत असेल, तर मूत्रपिंडातही असाच थर बसत असणार असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण कॉइलवरची ती खपली मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते. माणसाच्या मूत्रपिंडातले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, काही कॅल्शियम फॉस्फेटचे, काही युरिक ॲसिडचे. जिन्नसच वेगळा. पाण्यातला क्षार घशातून उतरून थेट मूत्रपिंडात साचत नाही. तो आधी आतड्यात जातो, तिथून किती घ्यायचा हे शरीर ठरवतं. जड पाण्यात कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असतं आणि ते उलट खडा धरू देत नाही. म्हणून खड्याच्या बाबतीत पाणी कुठलं यापेक्षा पाणी किती, हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. पाणी पिण्यालायक आहे का, त्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त आहे का, हे मात्र जरूर तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा असते. त्यात काही निघालं तर त्या कारणासाठी मशीन घ्या. खड्यासाठी नको.

आता यजमानांचा खडा. त्यांना शुगर आहे, अंगठा सुजतो आणि खडा एक्स-रेत दिसला नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरच्या मनात पहिला विचार युरिक ॲसिडच्या खड्याचा येतो. कॅल्शियमचा खडा एक्स-रेत हाडासारखा पांढरा उमटतो, युरिक ॲसिडचा उमटत नाही. ज्या युरिक ॲसिडमुळे अंगठ्याचा सांधा सुजतो, तेच लघवीत गोळा होऊन खडा होतं. आणि शुगरचा त्यात हात असतो तो असा: इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की मूत्रपिंड पुरेसा अमोनिया बनवत नाही, त्यामुळे लघवी जास्त आम्ल होते. आम्ल लघवीत युरिक ॲसिड विरघळत नाही, त्याची कणी धरते. पोटाचा घेर वाढलेल्या, शुगर-बीपी असलेल्या माणसांत हा खडा जास्त दिसतो तो यामुळेच. यात एक चांगली गोष्टही आहे. सगळ्या खड्यांत हाच खडा औषधाने खरोखर विरघळू शकतो. लघवीची आम्लता कमी करणारं सायट्रेटचं औषध देतात आणि लघवीचा पीएच साडेसहा-सातच्या आसपास ठेवतात. पण ते औषध मनाने आणून पिऊ नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि शुगरने मूत्रपिंड थोडं जरी थकलं असेल किंवा बीपीच्या ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

म्हणजे यजमानांचा खडा त्यांच्या शुगरच्या घरातला आहे, असं मला वाटतं. तुमचा नाही.

तुमचं कॅल्शियम १०.९ आलं, तेव्हा तुम्ही दूध बंद केलंत. कुणीही तेच केलं असतं. पण रक्तातलं कॅल्शियम दुधाने वाढत नाही, ताई. शरीर या आकड्यावर इतकं बारीक लक्ष ठेवतं, की तुम्ही दिवसाला अर्धा लिटर दूध प्या नाहीतर थेंबही पिऊ नका, तो साधारण साडेआठ ते सव्वादहाच्या दरम्यान राहतो. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, एवढंच. कारण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, नसांचं काम सगळं त्या आकड्यावर चालतं. ही राखण करतात चार छोट्या ग्रंथी. गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या, पॅराथायरॉइड नावाच्या. रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच नावाचा संप्रेरक सोडतात, तो हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतो. कॅल्शियम पुरेसं झालं की त्या गप्प बसतात.

कधीकधी या चारपैकी एक ग्रंथी फुगते आणि गप्प बसायचं विसरते. रक्तात कॅल्शियम भरपूर असतानाही ती पीटीएच सोडतच राहते. हाडं झिजत जातात, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, जादाचं लघवीत उतरतं आणि तिथे खडा धरतो. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त, त्यातही पाळी जायच्या वयानंतर. आता तुमच्या पत्रातल्या माझ्या पेन्सिलच्या खुणा बघा: तीनदा खडा, कॅल्शियम १०.९ आणि मोरीत नुसता पाय घसरला तर मनगट मोडलं. पंचेचाळिसाव्या वर्षी उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं ही साधी गोष्ट नाही. तुम्ही ती एका ओळीत लिहून सोडून दिलीत. तुमच्या डॉक्टरांनी मात्र ती सोडली नसावी. बिल वाढवायचं असतं तर त्यांनी दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी लिहिली असती. पीटीएच लिहिणारा डॉक्टर खड्याच्या मागे काय आहे ते शोधतोय. खडा काढून मोकळं न होता तो का झाला हे विचारणारा डॉक्टर तुम्हाला मिळालाय, त्यांचा हात सोडू नका.

मी निदान करत नाहीये. कॅल्शियम वाढायला तुमच्या बाबतीत आणखी दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही तुमच्या औषधांच्या डब्यात आहेत. एक, बीपीची गोळी. पाकिटावर औषधाच्या नावापुढे इंग्रजी एच अक्षर असेल किंवा घटकांत हायड्रोक्लोरोथायाझाइड अथवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असेल, तर त्या गोळीने रक्तातलं कॅल्शियम थोडं वाढू शकतं. गंमत म्हणजे त्याच गोळीने लघवीतलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून काही खडेवाल्यांना ती मुद्दाम देतात. तेव्हा स्वतःहून बंद करू नका, फक्त पाकीट डॉक्टरांना दाखवा. दुसरं, ती डी व्हिटॅमिनची मोठी गोळी. ती बहुधा ६० हजार युनिटची असते. आठ-दहा आठवडे घ्यायची, मग तपासून पुढचं ठरवायचं, असा तिचा रिवाज. तुम्ही दोन वर्षं दर आठवड्याला घेताय असं पत्रावरून दिसतं. ही गोळी चॉकलेटसारखी मेडिकलमधून आणून खाणारी माणसं मी रोज बघते आणि मला त्याची फार काळजी वाटते. डी व्हिटॅमिन जास्त झालं तर आतडी जास्त कॅल्शियम शोषतात आणि रक्तात-लघवीत ते वाढतं. पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि रक्त देताना डी व्हिटॅमिनची पातळीही बघायला सांगा.

मग या तिघांतलं नेमकं कोण, हे कसं ओळखायचं? त्यासाठीच पीटीएच. डी व्हिटॅमिनमुळे किंवा टीबीसारख्या एखाद्या आजारामुळे कॅल्शियम वाढलं असेल, तर निरोगी ग्रंथी गप्प बसतात आणि पीटीएच खाली जातं. ग्रंथीच बिघडली असेल तर पीटीएच वर असतं. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण यात बरेच जण फसतात. रिपोर्टवर पीटीएचच्या आकड्यासमोर काहीच खूण नसेल, आकडा नॉर्मलच्या कंसात बसत असेल, तरी सुटलो असं समजू नका. कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएच खाली जायला हवं होतं. ते मध्यावर बसून राहिलं, तर ते त्या घडीला नॉर्मल नाही. दोन्ही आकडे एकाच दिवशीच्या रक्तातले हवेत आणि सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही मोजायला हवं, म्हणजे कॅल्शियमचा खरा आकडा कळतो. क्रिएटिनिनही त्यातच होऊ द्या, मूत्रपिंडं किती काम करताहेत ते कळेल. वारंवार खडे होणाऱ्यांत मूत्रपिंड हळूहळू अशक्त होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि त्याचं दुखणं जाणवत नाही.

ग्रंथीच निघाली तर घाबरू नका. बहुतेकांत चारपैकी एकच ग्रंथी बिघडलेली असते. ती काढली की उरलेल्या तिघी काम सांभाळतात. खडे होत असतील तर ऑपरेशन करावं, असाच सर्वसाधारण सल्ला आहे. पण ते नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करा, त्यासाठी सोलापूर किंवा पुण्याला जावं लागलं तरी जा. तोवर हाडांची घनता मोजून घ्या. अंग मोडून येणं, बद्धकोष्ठ, उगाच उदास वाटणं यातलं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बायका या गोष्टी वयावर ढकलतात. पीटीएच शांत निघालं, तर तेही चांगलंच. मग चोवीस तासांच्या लघवीवरून पुढचा रस्ता ठरेल.

ती लघवी जमा करायची रीत अशी. लॅब मोठा कॅन देते. रविवारी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची आणि सोमवारी सकाळची पहिली, सगळी कॅनमध्ये. एकदा जरी चुकली तरी हिशेब चुकतो. त्या दिवशी मुद्दाम पथ्य पाळू नका, मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका. नेहमी जसं जगता तसं जगा, नाहीतर रिपोर्ट तुमच्या चांगल्या वागणुकीचा येईल, आजाराचा येणार नाही. त्यातून रोज किती लघवी होते, तिच्यात कॅल्शियम, ऑक्झॅलेट, युरिक ॲसिड, सायट्रेट, सोडियम किती, ते कळतं. या सगळ्या तपासण्या मिळून मशीनच्या निम्म्याहून कमी पैशात होतील.

दुधाकडे परत येते, कारण तुमच्या मुलाचाही प्रश्न आहे. अळूची भाजी कच्ची राहिली की घसा खाजतो ना? ती खाज त्यातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते. ज्याचा खडा बनतो, तोच हा पदार्थ. म्हणून आया-आज्या अळूत चिंच घालतात आणि भाजी गळेस्तोवर शिजवतात. पालक, राजगिऱ्याची पालेभाजी, चुका, बीट, बदाम, काजू, यांतही ऑक्झॅलेट भरपूर. आपण हे खातो तेव्हा आतड्यात दूध-दह्यातलं कॅल्शियम या ऑक्झॅलेटला पकडतं आणि दोघंही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियमच बंद केलं, तर ऑक्झॅलेट मोकाट सुटतं, रक्तात जातं, लघवीत उतरतं आणि तिथल्या कॅल्शियमला गाठून खडा करतं. हा नुसता तर्क नाही. इटलीत पार्मा इथल्या डॉक्टरांनी लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. साठ जणांना दूधदुभतं कमी करायला सांगितलं, साठ जणांना दूध नेहमीसारखं पण मीठ आणि मांस कमी. दूध कमी केलेल्यांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दूध चालू ठेवलेल्यांपैकी १२ जणांना. खड्याला घाबरून दूध सोडलेल्या किती बायकांची हाडं ठिसूळ झालेली मी पाहिलीत!

तेव्हा जेवणासोबत वाटीभर दही, ताक, संध्याकाळी कपभर दूध पुन्हा सुरू करा. ग्रंथीचा आजार निघाला तरी जेवणातलं दूध-दही बंद करायचं नसतं. मुलाचं तर अजिबात बंद करू नका. आईवडिलांना खडा असेल तर मुलांना व्हायची शक्यता वाढते हे खरं, पण त्यावर उपाय पाण्याची बाटली आहे. कॅल्शियमची वेगळी गोळी मात्र कुणी मनाने घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिली तर ती जेवणासोबत घ्यावी. सी व्हिटॅमिनच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज पाण्यात टाकून पिणाऱ्यांनीही ते थांबवावं. जादा सी व्हिटॅमिनचं शरीरात ऑक्झॅलेट होतं.

टोमॅटो खा. त्यात ऑक्झॅलेट फार नसतं आणि त्याच्या बिया मूत्रपिंडात जात नाहीत. बंद करायचंच असेल तर मीठ कमी करा. लघवीतून जाणारं मीठ सोबत कॅल्शियम ओढून नेतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, एवढंच पुरे. खर्डा, लोणचं, पापड, फरसाण, दुपारच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, याचा एकदा हिशेब करून बघा. आपल्याकडे भाकरीबरोबर तोंडी लावायचं म्हणून जे जातं, त्यातच बरंच मीठ असतं.

माडग्याबद्दल तुम्ही जरा भीत भीत लिहिलंय, डॉक्टर रागावतील म्हणून. रागावण्यासारखं त्यात काही नाही. हुलगा आपल्या मातीतलं धान्य आहे, त्याची शेंगोळी, माडगं खावं. पण वाटीभर माडग्याने तयार झालेला कॅल्शियमचा खडा विरघळतो, असं मानून तपासण्या पुढे ढकलू नका. पानफुटीच्या पानांचंही तेच. पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे आपोआप पडतात, तेव्हा माणूस जे काही पीत असतो त्याला श्रेय मिळतं. यजमानांनी एक लक्षात ठेवावं, युरिक ॲसिड वाढलेलं असताना मटण, मासळी, सुकट कमी आणि दारू असेल तर बंद. लिंबू-पाणी दोघांनाही चांगलं, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मात्र त्यांच्यासाठी बिनसाखरेचं, तुमच्यासाठी मिठाची चिमूट न घालता.

आता ज्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले, ते. "शाळेत बाथरूमची सोय बरी नाही, म्हणून सकाळी निघताना चहा घेते आणि दुपारी घरी येईपर्यंत पाणी टाळते," असं तुम्ही एका कडेला लिहिलंय. ग्रंथीत काही निघो न निघो, हे रोजचे सहा-सात कोरडे तास तुमच्या खड्यात सामील आहेतच. लघवी घट्ट झाली की तिच्यातला प्रत्येक क्षार दाटतो, आणि एप्रिल-मे मध्ये सोलापुरात घामावाटेच किती पाणी जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. त्यासाठी तीन लिटरच्या आसपास पाणी लागेल, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एका रविवारी घरातल्या मापाच्या भांड्याने मोजून बघा. रंग फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर नाही.

माझ्याकडे एक एसटीच्या कंडक्टर बाई यायच्या, त्यांचंही हेच. फेरी सुरू झाली की पाणी बंद. बाजारात बसणाऱ्या, वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचंही हेच. "पाणी पीत जा" असं त्यांना सांगताना माझीच जीभ अडते, कारण पाणी प्यायचं तर जायचं कुठे? तुमच्यापाशी मात्र एक रस्ता आहे. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असणं हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलाच निकष आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय लेखी घ्या. दार, कडी, पाणी, सफाई, चारच गोष्टी मागा. एकट्याने मांडायला संकोच वाटला तर बाकीच्या मॅडमना सोबत घ्या. आणि एकदा वर्गातल्या मुलींना विचारा, दिवसभरात त्या किती पाणी पितात. बहुतेकींचं उत्तर तुमच्यासारखंच येईल. तोवर मधल्या सुट्टीत शाळेजवळच्या एखाद्या घरी जायची सोय होते का बघा आणि तिसऱ्या तासाला बाटली काढायला लागा. रात्री झोपतानाही ग्लासभर पाणी प्या. एकदा उठावं लागेल, उठा. रात्रीच लघवी सर्वांत घट्ट होते.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. वारंवार लघवीला जळजळ, ताप आणि खडा असं चक्र असेल, तर तो जंतुसंसर्गाचा खडा असू शकतो. तो हरणाच्या शिंगासारखा पसरून मूत्रपिंड भरून टाकतो. तो पूर्ण काढावा लागतो, एक तुकडा राहिला तरी जंतू तिथे लपतात. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांत, वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर किंवा आतड्याच्या जुन्या सुजेत ऑक्झॅलेट जास्त शोषलं जातं. लहान मुलाला खडा झाला तर सवयींना दोष देऊ नका, त्याची तपासणी मोठ्या ठिकाणीच करा. काही खड्यांचे दोष आनुवंशिक असतात आणि मामा-आत्याच्या नात्यातल्या लग्नांत ते मुलांत उतरण्याची शक्यता जास्त असते. सुश्रुतसंहितेतही अश्मरी एकच मानलेली नाही. वात, पित्त, कफ आणि शुक्र असे तिचे चार प्रकार सांगितलेत. वर्गीकरण आज वेगळं झालं, प्रश्न तोच: खडा कुठल्या जातीचा?

आणि हे सगळ्यांसाठी. खड्याच्या कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, एकच मूत्रपिंड असेल किंवा बाई गरोदर असेल, तर काढा, माडगं, सकाळपर्यंत थांबणं, काही नको. त्याच वेळी दवाखाना गाठा. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर काही तासांत जीवावर बेततं.

सासूबाईंना तपासणीचं सांगणं कठीण जाईल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांना पाण्याविरुद्ध काही पटवायला जाऊ नका. "दोघांचे खडे एकाच जातीचे आहेत का, तेवढं आधी बघून येते," एवढंच सांगा. आणि ते बघता येतं. यजमानांची काडेपेटी तशीच उचला, लॅबमध्ये खड्याचं पृथक्करण करून देतात, कणीएवढा तुकडाही पुरतो. तुमचे दुर्बिणीने काढलेले तुकडे डॉक्टरांनी त्या वेळी तपासायला पाठवले होते का, तेही विचारा. फाइलमध्ये रिपोर्ट असेल. कॅन आणायला जाल त्या दिवशी बीपीच्या गोळीचं पाकीट, डी व्हिटॅमिनच्या जुन्या चिठ्ठ्या आणि मनगटाचा एक्स-रे पिशवीत असू द्या. काडेपेटी वरच्या कप्प्यात ठेवा, खाली राहिली तर चेंगरेल.